तेविसावा डबा

बावीस डबे भरून, झाकणं दाबून, पिशव्यांच्या गाठी मारून झाल्या की प्रेमा मायेकरला एकच वाटायचं, की आता तासभर आपल्याकडे कुणी खायला मागू नये. नवऱ्याने नको, मुलीने नको, देव्हाऱ्यातल्या गणपतीने तर अजिबात नको. आणि नेमका त्याच घरात, दोन हजार सोळाच्या जूनमध्ये, तेविसावा खाणारा येऊन बसला.

शिवांगीने काचेची एक लांबलचक पेटी हॉलमधल्या टीपॉयवर ठेवली, तेव्हा प्रेमा कणीक मळत होती. पेटीत वाळू, एक वाळकं लाकूड, आणि लाकडावर तो.

"ह्यां काय हाडलंस गो?" राग डोक्यात गेला की प्रेमाच्या तोंडून मालवणीच बाहेर पडायची.

"आई, हा रेक्स. बिअर्डेड ड्रॅगन. विशाखाचा आहे."

ड्रॅगन म्हणे! प्रेमाने पिठाच्या हातांनी वाकून पाहिलं. सरडा होता, सरडा. गावाला कुंपणावर बसून मान हलवतो तोच, फक्त खात्यापित्या घरातला. हनुवटीखाली दाढीसारखे काटे, आणि बघण्यात अशी मिजास की घर त्याचं आणि प्रेमा भाडेकरू.

विशाखा म्हणजे शिवांगीची वर्गातली जिवाभावाची मैत्रीण. तेलाचे भाव पडले तशी तिच्या वडिलांची इथली, आखातातली नोकरी गेली आणि पंधरा दिवसांत सगळं बिऱ्हाड आवरून ती मंडळी पुण्याला निघाली. सोफा विकला, गाडी विकली, सरडा कोण घेणार? तो शिवांगीने घेतला. मी ह्याला नीट सांभाळीन, दर शुक्रवारी फोटो पाठवीन, असा शब्द देऊन आली होती पोरगी. तेरा वर्षांची, घरात दिवसाकाठी चार वाक्यं बोलणारी, तीही अर्धी इंग्रजीत. पण त्या संध्याकाळी ती रेक्सबद्दल पाऊण तास बोलली. प्रेमाला नाही म्हणायला जागाच ठेवली नाही.

"अगो, सरडो आसा तो," तिचा नवरा भिकाजी हसत म्हणाला. "खाऊन खाऊन काय खातलो?"

"तुमका काय जाता सांगूक!" प्रेमा फणकारली.

बोलायला ह्या माणसाचं काय जातं! अकरा वर्षांपूर्वी आचऱ्याजवळच्या वाडीतून तिला अझैबातल्या ह्या दोन खोल्यांत आणताना हाच म्हणाला होता, तिथे तुला काम नाही, नुसता आराम. भिकाजी जवळच्या गाला नावाच्या कारखान्यांच्या भागात एका गॅरेजमध्ये गाड्यांचं वायरिंग करायचा. पहिल्याच महिन्यात त्याचा डबा बघून शेजारच्या दोघांनी डबा मागितला. दोघांचे पाच झाले, पाचांचे बावीस. सगळे कोकणातले बाप्ये, बायकापोरं गावाला ठेवून आलेले. मग काय, पहाटे साडेतीनला उठायचं, साडेसहाला भिकाजी डबे पिकअपमध्ये घालून निघेपर्यंत कंबर सरळ करायची नाही. संध्याकाळी डबे परत यायचे, कुणी धुतलेले, कुणी तसेच, आणि सोबत निरोप: वहिनी, मीठ थोडं कमी पडलं. वहिनी, कालच्या आमटीत मीठ जास्त. अकरा वर्षं मीठ! आराम कसला, डोंबलाचा!

तिचं स्वतःचं खाणं म्हणाल तर ओट्याशी उभ्याने. करपलेली एखादी पोळी, चहात बुडवून. दारात आलेल्या प्रत्येकाला "जेवलंस?" असं विचारल्याशिवाय ती राहायची नाही, गॅसचं सिलिंडर आणणाऱ्यालासुद्धा. उन्हाचं तर नाव नको. घराचे पडदे ओढलेले, बाहेर जायचं तर गाडीतून उतरून दुकानात शिरायचं. वर्षभर गुडघे दुखत होते, जमिनीवरून उठायचं तर भिंत धरावी लागायची. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्या फ्रीजच्या दारात, लिंबांच्या मागे, तशाच पडल्या होत्या.

तर अशा घरात रेक्स आला, आणि भिकाजीचं "काय खातलो" पहिल्याच आठवड्यात उघडं पडलं. तो आठ महिन्यांचा होता, वाढीचं वय. त्याला जिवंत रातकिडे लागायचे. बदरुद्दीनच्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात डबीभर रातकिड्यांना तीन रियाल पडायचे, आणि महाराज डबी चार दिवसांत फस्त करायचे. तेवढ्यात बावीस डब्यांची आठवड्याची भाजी येते! शिवाय त्यातला एक रातकिडा निसटला आणि फ्रीजमागे बसून आठ दिवस गात राहिला. त्याला शोधता शोधता प्रेमाच्या नाकीनऊ आले.

पेटीत छताला उन्हासारखा उजेड देणारी दिव्याची एक लांब नळी होती, ती गाडीतून आणतानाच फुटली होती. तसलीच नवी आणायची तर वीस रियाल. भिकाजी गाड्यांचं वायरिंग करणारा माणूस, तो कसला ऐकतो? त्याने गॅरेजमधून एक जुना पिवळा बल्ब आणला, दोन वायरी जोडल्या आणि म्हणाला, "खलास! उजेड तो उजेड." वर पेटी बंद खिडकीच्या काचेशी सरकवली. "ऊन पण फुकट!"

जुलै असा रेटला. आणि ऑगस्टच्या तीन तारखेला श्रावण लागला.

श्रावणाच्या बाबतीत प्रेमाशी कुणी वाद घालायचा नाही, हे गालातल्या बावीसही जणांना ठाऊक होतं. महिनाभर डब्यात मासा नाही, अंडं नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. गावापासून हजार कोसांवर आपला श्रावण कुणीतरी पाळतंय, ह्याचंच त्या माणसांना अप्रूप. मग त्याच घरात, त्याच ओट्यापासून आठ पावलांवर, एकाने जिवंत किडे कचाकचा चावायचे?

"ज्या घरात श्रावण, त्या घरात सगळ्यांचा श्रावण," तिने जाहीर केलं. "पाहुणा असो नाहीतर पाल."

"आई, पण इंटरनेटवर लिहिलंय, ह्या एजला त्याला किडे पाहिजेच."

"इंटरनेटला श्रावण आहे?"

शिवांगीने फोन बाजूला ठेवला. आईपुढे बोलायला तिला मराठी कमी पडायची आणि हिंमतही. मनातल्या मनात प्रेमाला थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोला. डबीचे तीन रियाल वाचले होते. आणि ती काही त्याला उपाशी ठेवत नव्हती! रोज बशीभर ताजा पालक चिरून घालत होती. पालकाने ताकद येते, हे कुणाला माहीत नाही? सोबत केळ्याचे तुकडे, भिजवलेली मूगडाळ. सोमवारी तिचा उपास, म्हणून त्यालाही साबुदाण्याचे चार दाणे. भिकाजी म्हणायचा, "तुजो तेविसावो डबो भरलंस?"

रेक्स साबुदाण्याकडे बघायचा, मग प्रेमाकडे बघायचा, आणि डोळे मिटून घ्यायचा.

"नखरे बघ मेल्याचे," ती म्हणायची. "भूक लागली की खाईल."

तो पालक खायचा, पण कमी. मग आणखी कमी. लाकडावर चढायचा तो खालीच बसू लागला. प्रेमाच्या हे लक्षात येत नव्हतं असं नाही. तिला त्याचा राग यायचा. एवढं चिरून घालते, तरी ह्याची तोंडं वाकडी. बावीस माणसांनी जेवून वर मिठाची तक्रार करायची, आणि हा तर न जेवताच तक्रार करतोय!

श्रावणाच्या तिसऱ्या शुक्रवारी प्रेमा धुतलेले कपडे घेऊन हॉलमध्ये आली तर शिवांगी पेटीपुढे गुडघ्यांवर बसली होती. फोटोची वेळ. तिने रेक्सला उचलून लाकडावर ठेवलं, तो घसरला. पुन्हा ठेवलं. त्याचे पुढचे पाय थरथरत होते, म्हाताऱ्याच्या हातातली कपबशी थरथरते तसे. शरीर उचलायला गेला आणि पोटावर पडला. शिवांगीने त्याला तसंच राहू दिलं. मग फोनमध्ये मागे मागे जाऊन तिने जुलैतला एक फोटो शोधला, मान ताठ करून बसलेल्या रेक्सचा, आणि तो विशाखाला पाठवून दिला.

"हा जुना आहे ना गो?" प्रेमाने विचारलं.

पोरगी वळली. डोळे लाल.

"मग कुठला पाठवू? हा पाठवू? मी तिला प्रॉमिस केलं होतं, आई! तू सगळ्यांना जेवायला देते. सगळ्यांना! त्या बावीस अंकलना, सिलिंडरवाल्याला. ह्यालाच नाही दिलं. तो बोलू शकत नाही म्हणून?"

प्रेमाच्या हातातले कपडे तसेच राहिले. आयुष्यात तिला कुणी काय काय बोललं होतं. सासूने बोलून घेतलं होतं, घरमालकाने बोलून घेतलं होतं. पण तू उपाशी ठेवलंस, असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तिला इतका राग आला की कुणावर आला हेच कळेना. तिने कपडे सोफ्यावर टाकले, आतल्या खोलीत झोपलेल्या भिकाजीला हलवून उठवलं आणि म्हणाली, "यल्ला, चला, गाडी काढा. आत्ताच्या आत्ता."

बदरुद्दीन मूळचा श्रीवर्धनचा. शुक्रवारच्या नमाजानंतर दुकान उशिरा उघडायचं, तर हे तिघं शटरखालीच उभे. त्याने रेक्सला तळहातावर घेतलं, बोटाने जबडा हळूच दाबून पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला.

"ताई, हाडं मऊ पडलीत ह्याची. काय खायला घालता?"

प्रेमाने सांगितलं. पालक म्हटल्यावर त्याने डोळे मिटले. साबुदाणा म्हटल्यावर उघडले.

"पालक ह्याला रोज घालायचा नाही. खाण्यातलं कॅल्शियम अंगाला लागू देत नाही तो. आणि किडे?"

"श्रावण आहे," प्रेमा म्हणाली. म्हणताना तिचा आवाज तिलाच बारीक वाटला.

"श्रावण तुमचा, ताई! ह्याचा कशाला? वाढीचं पोर आहे हे. किडे बंद, कॅल्शियम बंद. दिवा कुठला?"

भिकाजीने छताकडे पाहत बल्बचं सांगितलं.

"आणि ऊन खिडकीच्या काचेतून? काचेतून नुसती ऊब येते, ह्याच्या हाडांना हवं ते ऊन बाहेरच राहतं." बदरुद्दीनने कपाळाला हात लावला. "ऊन अंगाला नाही, खाणं धड नाही. मग अंग दुखतं, हात थरथरतात, बसलं की उठवत नाही, दिवसभर चिडचिड. तरी बिचारं वेळेत आणलंत. अजून वाचेल, इन्शाल्ला. पण ह्या आठवड्यात तोंडात किडा गेला पाहिजे."

शिवांगी रेक्सकडे बघत नव्हती. ती आईकडे बघत होती. प्रेमाला वाटलं, पोरगी अजून रागावलीय.

"रातकिडे नाही परवडत हो आम्हाला," प्रेमा म्हणाली. तिला लाज वाटली, पण सांगून टाकलं. "आणि तो वीस रियालचा दिवा पण. ह्यांचा पगार होईपर्यंत नाही जमायचं."

बदरुद्दीनने काउंटरखालून प्लास्टिकचा एक डबा काढला. आत अंड्याच्या ट्रेचे तुकडे आणि त्यांच्या खाचांत बोटाच्या पेराएवढी तपकिरी झुरळं.

"आवशीक खाव!" प्रेमा दोन पावलं मागे सरकली.

"ही घरातली नव्हेत. गुळगुळीत भिंत चढत नाहीत, उडत नाहीत, अंधारात गप्प बसून वाढतात. तुमच्या डब्यांची भाजीची सालं निघतात ना? तीच ह्यांचं खाणं. महिनाभराने विकत काही घ्यायला नको. हिरव्यात पालकाऐवजी इथली जरजीरची पालेभाजी घाला, भोपळा किसून घाला, शेवग्याचा पाला घाला. दिवा होईपर्यंत सकाळचं कोवळं ऊन, रोज अर्धा तास, मधे काच नको. आणि कॅल्शियमची पावडर म्हणाल, तर समुद्रफेण माहीत आहे?"

"आचऱ्याची आहे मी," प्रेमा तडकून म्हणाली. समुद्रफेण माहीत आहे का म्हणे! किनाऱ्यावर पांढरी, हलकी, होडीच्या आकाराची पडलेली असते ती. लहानपणी तिने टोपल्या भरभरून गोळा केली होती.

"मग अझैबाच्या किनाऱ्यावरून आणा. गोड्या पाण्यात चार दिवस भिजवा, वाळवा, कुटा आणि किड्यांवर भुरभुरवा. मी ते पाकिटातून विकतो. तुम्ही नका घेऊ."

भिकाजीने पैसे काढले, तर बदरुद्दीनने झुरळांचेच घेतले, बाकी चार दिवसांपुरतं पावडरीचं एक फुटलेलं पाकीट फुकट दिलं.

आता विचार करा. बावीस जणांचा डबा करणारी बाई, श्रावणाचा महिना, आणि तिच्या पलंगाखाली झुरळांचा डबा! गालात हे कुणाला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी एक डबा उचलला गेला नसता. भिकाजीने गरम सळीने झाकणाला भोकं पाडली, प्रेमाने डब्यावर जुनी चादर टाकली आणि शिवांगीला बजावलं, "शाळेत बोललीस तर बघ." मग ती हात-पाय धुऊन देव्हाऱ्यापुढे उभी राहिली. "माझा श्रावण मी पाळतेय," ती गणपतीला म्हणाली. "त्याचा नाही पाळणार. काय लावायचं ते पाप मला लाव." एवढं बोलून तिने दिवा लावला आणि पहाटेचे मूग भिजत घातले.

पण सकाळी पुढे काय? साडेसहाला भिकाजी गालाला, पावणेसातला शिवांगीची शाळेची बस. उन्हात बसवायचं कुणी? म्हणजे प्रेमानेच. टोपलीत रेक्स, काखेत पाण्याची बाटली, आणि गुडघे धरत धरत तीन मजले चढून गच्चीवर. पाण्याच्या टाक्या, डिश अँटेना, आणि मधे उपड्या बादलीवर बसलेली सरड्याची आया! ऑगस्टचं दमट ऊन पाठीवर चढायचं, घाम गळायचा, खाली भांडी पडलेली असायची. "तुझ्या पायी काय काय करायला लावलंस मेल्या," ती त्याला म्हणायची. तो साडीच्या पदरावर चपटा होऊन पडायचा. बोलणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ती बोलत राहायची: मिठाचं, गुडघ्यांचं, पोरगी बोलत नाही त्याचं. पहिले तीन दिवस त्याने तोंड उघडलं नाही. शिवांगी शाळेतून आली की आधी पेटीकडे जायची, मग सरळ आतल्या खोलीत. सोमवारी उपासाच्या पोटी ती गच्चीवर त्याच्यावर ओरडली, "खा रे! माझ्यासाठी नको, तिच्यासाठी खा!"

मंगळवारी त्याने एक झुरळ खाल्लं. चिमट्यातून, पावडरीत घोळलेलं, अर्धं मिनिट विचार केल्यासारखं करून. बुधवारी दोन.

शुक्रवारी शाळेला सुट्टी. शिवांगी फोन घेऊन गच्चीवर आली. रेक्सचे पाय अजून थरथरत होते, पण तो पुढच्या पायांवर उठला, चिमट्याकडे तीन पावलं चालत आला आणि जीभ काढून घास उचलला. एकामागून एक पाच. नंतर जरजीरचं पान. शिवांगीने फोटो काढला आणि ह्या वेळी तोच पाठवला. खाली बरंच काही लिहिलं, आजारी कसा पडला तेही.

"खरं कळवलंस?"

"हो. माझ्यामुळे झालं, असं लिहिलं."

"माझ्यामुळे लिही," प्रेमा म्हणाली. "नाव घालून लिही."

शिवांगी खाली निघून गेली, आणि बराच वेळ आली नाही. प्रेमाला वाटलं, संपलं, आता ही आपल्याशी अशीच वागणार. ऊन तापायला लागलं तशी ती रेक्सला टोपलीत घालून भिंतीचा आधार घेत उठू लागली.

"थांब. बस ना."

शिवांगी जिन्यातून वर आली होती. हातात एक डबा होता, कडी तुटलेला म्हणून बाजूला टाकलेला. तिने तो आईच्या मांडीवर ठेवला. आत नाचणीची एक भाकरी होती, कुठल्याच आकाराची नव्हती, शेजारी दही आणि जाडाजाडा चिरलेली शेवग्याच्या पाल्याची भाजी. आणि झाकणात, लिंबांच्या मागे पडलेल्या त्या गोळ्या.

"ह्यां काय गो?"

"बदरुद्दीन अंकल सांगत होते ना, बसलं की उठवत नाही, ऊन नाही, खाणं नाही. मला वाटलं, हे तुझंच सांगतायत." पोरगी अडखळली. खाली बघत, रोज आईच्या तोंडून ऐकलेलाच शब्द तिने उचलला. "आई, जेवलंस?"

प्रेमा ओरडायलाच निघाली होती. गॅस बंद केलास का, हात भाजला का, ते पीठ वटपौर्णिमेच्या आधीपासून पडलंय. पण अकरा वर्षं, रोजचे बावीस डबे, आणि हे तिला पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं.

"नाही," ती म्हणाली. "नाही जेवले."

"मग आधी जेव. नंतर ओरड."

तिने भाकरीचा तुकडा मोडला. भाकरी मधे कच्ची होती, आणि भाजीत मीठच नव्हतं. प्रेमाने ते सांगितलं नाही. पदरावर रेक्सला घेऊन, त्या उपड्या बादलीवर बसून, तिने डबा पुसून खाल्ला.